कोरियन कलाकाराची मुलाखत घ्यायची झाल्यास प्रश्न नम्रपणे कसे विचारावेत?

तुम्हाला कोरियन लिपी वाचता येते, थोडंफार बोलताही येतं आणि एका कोरियन अभिनेत्याला समोरासमोर प्रश्न विचारायची संधी मिळते आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी कोरियन शिकवते, तेव्हा आधी संबोधनाचं बघू.

आपल्याला 'तुम्ही' म्हणायची सवय असते, म्हणून शब्दकोशातला 'तांगशिन' उचलावासा वाटतो. तो अजिबात नको. अनोळखी माणसाला समोरून तसं म्हटलं तर भांडायला उभं राहिल्यासारखं वाटतं. कोरियनमध्ये अशा वेळी माणसाच्या कामाच्या नावाला 'निम' हा आदराचा प्रत्यय लावतात: अभिनेत्याला 'बेउनिम', दिग्दर्शकाला 'कामदोंगनिम'. तरुण गायकाला नावापुढे 'स्सी' (साधारण आपल्या 'जी'सारखं) चालतं, पण नुसत्या आडनावाला लावू नका. 'किम स्सी' ऐकायला कमीपणाचं वाटतं. आणि समोर अभिनेत्री युन यॉ-जॉंग यांच्यासारखी ज्येष्ठ व्यक्ती असेल (जन्म १९४७, २०२१ मध्ये ऑस्कर), तर 'सॉनसेंगनिम' म्हणा. शाळेत शिक्षकांना हाक मारतात तोच हा शब्द. संबोधन एकदा झालं की पुढच्या वाक्यांत कर्ता गाळला तरी चालतो.

आता क्रियापद. 'आजोबा जेवले' म्हणताना आपण आदर क्रियापदातच घालतो, तसा तिथे 'शी' घालतात. 'तयारी कशी केली?' हे 'ऑत्तॉके चुन्बीहेस्सॉयो?' असं विचारलं तर व्याकरण बरोबर, पण मोठ्या कलाकारासमोर उघडंबोडकं वाटतं. 'ऑत्तॉके चुन्बीहाश्यॉस्सॉयो?' म्हणा. शेवटी 'नायो' आणलंत, म्हणजे 'चुन्बीहाश्यॉन्नायो?', तर आणखी मऊ. हा 'शी' स्वतःच्या क्रियापदाला मात्र कधीही लावू नका. आपण विचारतो आहोत हे सांगताना 'विचारणे' यासाठी नम्र क्रियापद 'यॉज्जुदा' वापरा, साधं 'मुत्ता' नव्हे.

मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे प्रश्नच न करणं: '... कुंगुमहाम्निदा', म्हणजे अमुक जाणून घ्यायची उत्सुकता आहे. त्यात समोरच्याला हवं तेवढंच बोलायची मोकळीक मिळते. विषय नाजूक असेल तर आधी परवानगी घ्या: 'होकशी, यॉज्ज्वोबवादो द्वेलक्कायो?', म्हणजे विचारलं तर चालेल का? आणि समोरच्याला उत्तर द्यायचं नसेल तर 'ताप्यॉन आन हाश्यॉदो द्वेम्निदा', म्हणजे उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, हे आठवणीने म्हणा. प्रेमप्रकरण, लग्न, वजन हे विषय मुळात काढूच नका. गोड शब्दांत विचारल्याने त्यातला आगाऊपणा जात नाही.

प्रश्न आधी लिहून कलाकाराच्या एजन्सीला पाठवणं तिथे अगदी नेहमीचं आहे, मागितले नसतील तरी पाठवा. तुमचं कोरियन कच्चं असेल तर दुभाषा घ्या आणि फक्त पहिली ओळख व शेवटचे आभार स्वतः म्हणा: 'पापुशिन्दे शिगान नेजुश्यॉसॉ काम्साहाम्निदा', कामाच्या गडबडीतून वेळ काढल्याबद्दल आभार. हे वाक्य कोरियन माणसाकडून ऐकून घोकून घ्या, कारण देवनागरीत उच्चार जवळपासच येतो.