वाचकांचे प्रश्न : गळीत हंगामाआधी स्टोरेजचे अपग्रेड

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागात पाच सर्व्हरांचा कुबरनेटिस क्लस्टर आहे. प्रत्येक सर्व्हरमध्ये चार डिस्क असून त्यांवर रूकमार्फत सेफ चालते. वजनकाट्याच्या नोंदी, ऊसबिले आणि सभासदांची खाती हे सारे तेथेच साठते. सध्या रूक १.१४ आणि सेफ १७, म्हणजे क्विन्सी, आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एका रात्रीत दोन्ही एकदम नव्या आवृत्तीवर न्यावेत, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. सेफचे स्टेटस गेले कित्येक महिने ‘हेल्थ वॉर्न’ दाखवते, परंतु काम कोठे अडलेले नाही. तयारी कशी करावी?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : एका रात्रीत दोन्ही अपग्रेड करण्याचा आग्रह आपण मान्य करू नये, आणि त्याचे कारण वरिष्ठांना लेखी द्यावे. कुबरनेटिस ही अनेक सर्व्हरांवर मिळून सॉफ्टवेअर चालवणारी व्यवस्था, आणि रूक हा तिच्यात राहून सेफची व्यवस्था पाहणारा ऑपरेटर, म्हणजे देखरेख करणारा प्रोग्रॅम, आहे. प्रत्यक्ष डेटा सांभाळतो तो सेफ. ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, त्यांचे अपग्रेडही वेगळे आहे, आणि दोन्ही एकत्र केल्यास बिघाड नेमका कोणामुळे झाला हे मध्यरात्री शोधत बसावे लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सेफची मोठी आवृत्ती एकदा वर गेली, की मागे येण्याची सोय नाही. म्हणून खरे काम अपग्रेडच्या रात्रीचे नसून त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांचे आहे.

आधी मार्ग ठरवावा. रूकमध्ये आवृत्ती गाळून पुढे जाता येत नाही, १.१४ वरून १.१५, तेथून १.१६, असेच जावे लागते. आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रूक १.१६ ने सेफ क्विन्सीचा आधार काढून टाकला आहे. त्यामुळे १.१५ वर पोहोचल्यावर तेथेच थांबून आधी सेफ वर न्यावे लागेल आणि मगच १.१६ चा विचार करता येईल. सेफला दोन मोठ्या आवृत्त्यांची उडी चालते, म्हणजे १७ वरून १८ किंवा थेट १९ वर जाता येते. मात्र कोणत्याही मालिकेतील अगदी पहिले प्रकाशन न घेता त्यानंतरचे सुधारित प्रकाशन घ्यावे, असे माझे मत आहे. प्रत्येक टप्प्यानंतर निदान काही दिवस क्लस्टर नेहमीच्या कामाखाली चालू द्यावा. कुबरनेटिसचे स्वतःचे अपग्रेड या काळात काढूच नये.

आता त्या ‘हेल्थ वॉर्न’कडे वळू. काम अडलेले नाही म्हणून हा इशारा दुर्लक्षिला जातो, आणि अपग्रेडच्या वेळी नवा इशारा त्या जुन्या इशाऱ्यांत हरवतो. टूलबॉक्स पॉडमध्ये (सेफच्या आज्ञा देण्यासाठीच्या कंटेनरमध्ये) जाऊन ‘सेफ हेल्थ डिटेल’ ही आज्ञा द्यावी आणि प्रत्येक ओळीचा निकाल लावावा. ‘एक डीमन (सतत मागे चालणारा प्रोग्रॅम) नुकताच क्रॅश झाला’ अशी ओळ असेल तर क्रॅशची माहिती उघडून कारण पाहावे आणि मगच ती नोंद अर्काइव्ह करावी. न वाचता अर्काइव्ह केल्याने फक्त फलक कोरा होतो. ‘क्लॉक स्क्यू’ असेल तर मॉनिटरांची, म्हणजे क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या सेफच्या प्रोग्रॅमांची, घड्याळे जुळत नाहीत. सेफ मॉनिटरांमध्ये केवळ ०.०५ सेकंदाचा फरक खपवून घेतो. ज्या गावांत इंटरनेट वारंवार तुटते तेथे पाचही सर्व्हरांनी बाहेरच्या वेळेवर विसंबण्यापेक्षा कारखान्यातीलच एका यंत्राकडून क्रोनी या घड्याळे जुळवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत वेळ घ्यावी. ‘नियरफुल’ची ओळ असेल तर मात्र अपग्रेडची तारीखच पुढे ढकलावी. मूळ मर्यादांप्रमाणे एखादा ओएसडी (एका डिस्कवरील डेटा सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) ८५ टक्के भरला की हा इशारा येतो, ९० टक्क्यांवर त्याच्याकडे डेटा हलवणे थांबते आणि ९५ टक्क्यांवर लिहिणे बंद होते. जुने स्नॅपशॉट आणि निरुपयोगी व्हॉल्यूम काढून, डेटा डिस्कांवर सारखा वाटणारा बॅलन्सर चालू आहे ना हे पाहून, जागा आधी मोकळी करावी. सर्व ओएसडी ‘अप’ आणि ‘इन’, तिन्ही मॉनिटर कोरममध्ये (निर्णयासाठी लागणाऱ्या बहुमतात) आणि सर्व पीजी (सेफने पाडलेले डेटाचे गट) ‘अ‍ॅक्टिव्ह क्लीन’, असे चित्र सलग काही दिवस दिसल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.

यानंतरचा मुद्दा आपल्या भागात विशेष जपण्यासारखा आहे. सेफची नवी इमेज, म्हणजे ज्यातून प्रोग्रॅम सुरू होतो तो सॉफ्टवेअरचा गठ्ठा, आकाराने मोठी असते, आणि इंटरनेटचा वेग कमी असला की ती उतरायला बराच वेळ लागतो. रूक आधी मॉनिटर एकेक करून बदलतो. जुना पॉड बंद होतो, आणि इमेज पूर्ण येईपर्यंत नवा सुरू होत नाही. त्या अवधीत तीनपैकी दोनच मॉनिटर उरतात. नेमकी तेव्हाच वीज जाऊन दुसरा सर्व्हर बंद पडला तर कोरम तुटतो आणि सारे स्टोरेज ठप्प होते. ज्या दोन सर्व्हरांवर मॉनिटर नाहीत तेथे ही अडचण ओएसडी बदलताना येते : ओएसडी १० मिनिटांहून अधिक काळ खाली राहिला तर सेफ मूळ सेटिंगप्रमाणे त्याला ‘आऊट’ ठरवून त्याचा डेटा इतरत्र उभारू लागतो, आणि अपग्रेडच्या मध्यावर विनाकारण डिस्कांची धावाधाव सुरू होते. ‘नोआऊट’ हा फ्लॅग लावून हे टाळता येते. परंतु काम झाल्यावर तो काढायचा राहून जातो, म्हणून मी त्यावर मदार ठेवत नाही. त्यापेक्षा रूक, सेफ आणि सीएसआय (अ‍ॅप्लिकेशनांना स्टोरेज जोडून देणारा भाग) यांच्या सर्व इमेज आदल्या दिवशी पाचही सर्व्हरांवर ‘क्रायसीटीएल पुल’ने उतरवून ठेवाव्यात, किंवा कारखान्यातच इमेज साठवणारी छोटी रजिस्ट्री उभारावी. हेस्कॉम या वीज कंपनीच्या नियोजित वीजबंदीची सूचना पाहूनच तारीख घ्यावी, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या प्रत्यक्ष भार देऊन तपासाव्यात.

बॅकअपविषयी एकच आग्रह आहे. डेटाच्या तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, आणि त्याच क्लस्टरमधील स्नॅपशॉट हाही बॅकअप नव्हे. डेटाबेसचा डंप क्लस्टरबाहेरील डिस्कवर घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून एखाद्या सभासदाचे खाते ताळ्याला लागते का हे पाहावे. त्याबरोबरच रूकच्या नेमस्पेसमधील मॉनिटरांच्या चाव्यांचे सीक्रेट, मॉनिटरांचे पत्ते असलेला कॉन्फिगमॅप, सेफ क्लस्टर आणि पूल (डेटाचे कप्पे) यांच्या मांडणीच्या वायएएमएल फायली, तसेच ईटीसीडीचा, म्हणजे कुबरनेटिसच्या स्वतःच्या नोंदींच्या साठ्याचा, स्नॅपशॉट बाहेर ठेवावा. कुबरनेटिस कोसळले आणि डिस्क शाबूत राहिल्या, अशा प्रसंगी जुना क्लस्टर पुन्हा उभा करताना याच चाव्या हाताशी लागतात, आणि बहुतेक ठिकाणी नेमक्या त्याच जपून ठेवलेल्या नसतात.

प्रत्यक्ष क्रम सोपा आहे. नव्या आवृत्तीच्या सीआरडी (रूकच्या रिसोर्सचे प्रकार कुबरनेटिसला सांगणाऱ्या व्याख्या) आणि परवानग्यांच्या फायली आधी लावाव्यात, नंतर ऑपरेटरची इमेज बदलावी आणि प्रत्येक डिप्लॉयमेंटवरील रूक-आवृत्तीचे लेबल बदलेपर्यंत वाट पाहावी. हेल्म हे सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन वापरत असाल तर सीआरडी त्याच्या चार्टमार्फत येतात की हाताने लावलेल्या आहेत, हे आधीच तपासावे. दिवाळीच्या सुमारास गळीत सुरू झाले की वजनकाटा रात्रंदिवस चालतो, तेव्हा या कामाला हात लावू नये. आता वेळ कमी असेल तर सध्याच्या आवृत्तीवरच हंगाम काढावा आणि गळीत संपल्यावर सकाळच्या वेळेत हे काम घ्यावे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस आणि वीज यांचा भरवसा नसतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत जागेच्या अभावी काही पूलमध्ये डेटाच्या दोनच प्रती ठेवल्या आहेत. अपग्रेड चालू असताना काउंटर बंद ठेवावे लागेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : हे ‘मिन साइज’वर, म्हणजे व्यवहार चालू राहण्यासाठी किमान किती प्रती उपलब्ध हव्यात या सेटिंगवर, अवलंबून आहे. तीन प्रती आणि मिन साइज २ असेल तर एक ओएसडी बदलताना व्यवहार चालू राहतात. फार तर काही क्षण विलंब जाणवतो. दोन प्रती असून मिन साइज २ ठेवला असेल तर ओएसडी खाली असेपर्यंत त्यावरील पीजींचे वाचणे-लिहिणे थांबेल. मिन साइज १ असेल तर काम थांबणार नाही, पण त्या काळात डेटाची एकच प्रत जिवंत असेल, आणि तीच डिस्क गेली तर खातेदारांच्या नोंदी परत मिळणार नाहीत. ‘सेफ ओएसडी पूल एलएस डिटेल’ या आज्ञेने प्रत्येक पूलची स्थिती पाहावी. खातेदारांच्या पैशांचा हिशेब दोन प्रतींवर ठेवणे मला मान्य नाही. आधी डिस्क वाढवून तीन प्रती कराव्यात, डेटा पूर्ण पसरू द्यावा आणि मग अपग्रेड घ्यावे. तोवर काम करणे भागच असेल तर ते सुट्टीच्या दिवशी, काउंटर बंद ठेवून करावे.

प्रश्न : टप्प्याटप्प्याने जाण्याऐवजी जुना रूक पूर्ण काढून नवा बसवला तर चालेल का? डेटा तर डिस्कवर असतोच.
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : चालणार नाही. सीआरडी काढली की त्या प्रकारचे सर्व रिसोर्सही तिच्याबरोबर काढले जातात, आणि पूलचा रिसोर्स काढणे म्हणजे सेफमधील तो पूलच काढण्याची सूचना देणे होय. रूकने अशा चुकीविरुद्ध काही अडसर ठेवले आहेत, पण ‘डिलीट’ अडकले म्हणून फायनलायझर (काढणे रोखून धरणारी खूण) हाताने पुसणारे पुष्कळ असतात. आपल्याला हे शिकायचेच असेल तर तीन व्हर्च्युअल मशीनवर छोटा क्लस्टर उभारून, त्यात खोटा डेटा भरून, १.१४ वरून १.१५ चा टप्पा पार करून पाहावा. त्यातच एकदा इमेज उतरत असताना मुद्दाम एक मशीन बंद करावे आणि कोरमचे काय होते ते टूलबॉक्समधून बघावे.