रेणूचं काम अणूच्या नावावर का?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची लेक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्याकडे एका व्याख्यानाची पत्रिका आली, विषय छापला होता ‘आण्विक विषशास्त्र आणि कर्करोगाची कारणे’. ताईंच्या आईची उभी हयात तंबाखूच्या वखारीत चाळण मारण्यात गेली. त्यांनी पत्रिका वाचून घेतली आणि विचारलं, “कैगाच्या अणुभट्टीचं काय हाय का गं?” ताईंचा प्रश्न असा की इथे ‘आण्विक’ बरोबर की ‘रेण्वीय’, आणि ‘विषशास्त्र’ हा तरी नेमका शब्द आहे का.

आजींनी मराठी शब्दाचा मराठी अर्थ लावला. त्या बरोबर आहेत, पत्रिका चूक आहे. हे ‘आण्विक’ मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि प्रत्येक वेळी ते जिथे नको तिथेच येतं.

मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. कन्नड पाठ्यपुस्तकंही हिंदीच्याच वाटेने जातात. म्हणजे आपल्या सीमाभागात, एकाच गल्लीत, मराठी शाळेतला ‘अणू’ एक वस्तू असतो आणि समोरच्या कन्नड शाळेतला ‘अणु’ दुसरी. पुण्याच्या माणसाला ही अडचण कळायची नाही. इथे दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर पुढे कन्नड मित्राची वही उसनी घेतं आणि पहिल्याच पानावर अडखळतं. केंद्राच्या शब्दावली आयोगाने हिंदीसाठी ठरवलेलं ‘आण्विक’ हिंदीत खुशाल नांदो. ते उचलून मराठी पत्रिकेत ठेवणाऱ्याने मात्र अर्थच उलटा केला.

रूपाचंही बघा. ‘रेण्वीय’ लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत आणि ते ‘मनु + अंतर = मन्वंतर’ हे उदाहरण तोंडावर फेकतात. मन्वंतर हा समास आहे, तिथे दोन शब्द भेटतात. इथे शब्दाला तद्धित प्रत्यय लागतोय, आणि त्यासाठी पाणिनीने वेगळं सूत्र दिलंय, ‘ओर्गुणः’. उकारान्त शब्दाच्या उ-चा गुण होतो, म्हणजे ओ, मग त्याचा अव्. मनूचा मानव होतो, कुरूचा कौरव होतो, वायूचं वायवीय होतं. ‘वाय्वीय’ कुणी म्हणतं का? मग रेणूचं रेणवीय आणि अणूचं आणवीय. मराठी विश्वकोशात ‘आणवीय’च आहे. यावर वाद घालायला जागा नाही.

आता खरी गंमत रेणूत आहे. रेणू म्हणजे धूळ, एवढं सगळे सांगतात. पण आपल्या रसायनशास्त्रात हा शब्द शोभतो त्याचं कारण ‘त्रसरेणू’त आहे. झरोक्यातून तिरीप आत येते आणि तिच्यात जे कण तरंगताना दिसतात ते त्रसरेणू. वैशेषिक या आपल्या जुन्या दर्शनाचा हिशेब असा की दोन परमाणू मिळून एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकं मिळून एक त्रसरेणू. म्हणजे सहा परमाणूंची जोडणी. जुन्या वजनमापांतही तो पहिली पायरी आहे, आठ त्रसरेणूंची एक लीख आणि तीन लिखांची एक मोहरी. ही लीख म्हणजे डोक्यातली लीखच. आणि ‘त्रस’ म्हणजे हलणारा, थरथरणारा. आपला ‘त्रास’ याच धातूचा.

तेव्हा रेणू म्हणजे अनेकांच्या जुळणीतून झालेला कण, हा अर्थ शब्दाच्या पोटातच होता. आणि ‘द्व्यणुक’ हा शब्द नीट ऐका. दोन अणूंचं ते द्व्यणुक. याचाच अर्थ अणू हा घटक झाला, जोडणी नव्हे. मॉलिक्यूलला अणु म्हणणाऱ्यांनी या एका शब्दाचं उत्तर द्यावं. खरा रेणू झरोक्यातल्या कणाहून कितीतरी लहान असतो हे मला माहीत आहे. पण नाव आकारावरून पडलेलं नाही, घडणीवरून पडलंय.

“रेणू शब्द जड आहे, लोकांना कळत नाही” असं कुणी बेळगाव जिल्ह्यात बसून म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं. अहो, सौंदत्तीचा डोंगर याच जिल्ह्यात आहे. रेणुका म्हणजे यल्लम्मा. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीच्या किती घरांत रेणुका नावाची लेक किंवा सून आहे! पौर्णिमेच्या जत्रेत भंडाऱ्याची उधळण होते आणि कपाळ, केस, पदर सगळं पिवळं होतं, तो भंडारा म्हणजे रेणूच. काही पंडित म्हणतात की रेणू राजाची लेक म्हणून ती रेणुका, धुळीचा काही संबंध नाही. भागवतात तसं आहे, मान्य. पण महाभारतात तिच्या बापाचं नाव प्रसेनजित आहे. माझं मत असं की देवीचं नाव आधीचं, मातीचं, आणि रेणू राजा त्या नावावरून मागाहून घडवला गेला. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण सोडणारही नाही. जो शब्द आपण देवीच्या नावात रोज घेतो तो आपल्याला परका कसा?

बरं, पत्रिकेतल्या विषयाकडे येतो. तिथे रेणूच का हवा, हे त्या शास्त्राचा इतिहासच सांगतो. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कर्करोगाचं कारण काजळीत दाखवलं. १९१५ मध्ये टोकियोच्या विद्यापीठात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोलतार, म्हणजे दगडी कोळशाचं डांबर, चोपडून गाठी उठवल्या. पण कोलतारात शेकडो पदार्थ. दोषी कोण? १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबर गाळून एक पदार्थ वेगळा काढला, बेंझोपायरीन. कार्बनचे २० अणू, हायड्रोजनचे १२, पाच कड्या एकमेकींना चिकटलेल्या. आता सांगा, यात अणूचा काय दोष? तोच कार्बन हरभऱ्याच्या डाळीत आहे, तोच हायड्रोजन पाण्यात आहे. घात करते ती जुळणी, म्हणजे रेणू.

पुढची पायरी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात एलिझाबेथ आणि जेम्स मिलर या दांपत्याने उलगडली. असे बरेच पदार्थ मूळ रूपात निरुपद्रवी असतात. शरीर त्यांना बाहेर काढायला पाण्यात विरघळण्याजोगं करू बघतं, आणि त्या खटपटीत मधेच एक असं रूप तयार होतं की ते दिसेल त्याला चिकटतं. बेंझोपायरीनचं ते रूप डीएनएतल्या ग्वानीन या घटकाला जाऊन बसतं. १९९६ मध्ये दाखवलं गेलं की पी-५३ या, गाठी रोखणाऱ्या जनुकात ते नेमक्या त्याच जागा धरतं, ज्या जागा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात बिघडलेल्या सापडतात. रेणूने रेणूला धरलं. हे सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे, आणि पत्रिकेने त्यावर ‘आण्विक’चा शिक्का मारला.

किरणोत्सर्गानेही कर्करोग होतो, तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० चा अंशही असतो. ती गोष्ट खरोखर आणवीय आहे, तिथे अणूचा गाभाच फुटतो. म्हणून तर दोन शब्द वेगळे ठेवायचे. आणि ‘आण्विक विषशास्त्र’ भरभर म्हटलं की कानाला ‘विषाणू’ ऐकू येतो, तो तिसराच.

‘विषशास्त्र’ ठीक आहे, ठेवा. काही जण आयुर्वेदातलं ‘अगदतंत्र’ सुचवतात, पण गद म्हणजे रोग आणि अगद म्हणजे उतारा. टॉक्सिकॉलॉजीत शोध विषाचा आहे, उताऱ्याचा नंतर. ग्रीकमध्ये टॉक्सॉन म्हणजे धनुष्य, त्यावरून बाणाला लावायचं विष ते टॉक्सिकॉन. आपल्याकडे अशा बाणाला ‘दिग्ध’ म्हणत, म्हणजे माखलेला. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर.

ताई, पत्रिका पुन्हा छापणार असतील तर ‘रेणवीय विषशास्त्र’ छापायला सांगा. आणि आजींना सांगा की हे कैगाचं नाही. तंबाखूचं पान वाळताना, वखारीत मुरताना त्यातल्या निकोटिनपासूनच नायट्रोसामाइनचे रेणू तयार होतात. मिश्रीत आणि खायच्या तंबाखूत ते असतात, आणि त्यातल्या दोघांना कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्यांत, घातलंय. वखारीच्या पत्र्याच्या भोकातून ऊन यायचं तेव्हा त्यात खकाणा नाचताना आजींनी आयुष्यभर पाहिलाय. त्रसरेणू म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको. व्याख्यानाला त्यांनाही घेऊन जा.