कॅरोला डन यांची 'डेझी डॅलरिंपल' मालिका वाचावी का? कुणी डोक्यावर घेतं, कुणी नाक मुरडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्या, चहा आणि खून असं सगळं एकत्र असलेली ही मालिका वाचायला घ्यायची आहे, पण अभिप्राय इतके उलटसुलट आहेत की कुणाचं ऐकावं कळत नाही.

खुनी कोण हे लेखिकेच्या आधी ओळखायचं, या ईर्षेनं रहस्यकथा वाचत असाल तर या मालिकेच्या वाटेला जाऊ नका. इथे खुनी ओळखता येतो की नाही याला फारसं महत्त्वच नाही. शेवटच्या प्रकरणात नाव कळतं, आपण 'बरं' म्हणतो आणि पान उलटतो. नावं ठेवणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार हीच आहे आणि ती रास्त आहे. मी मात्र ही पुस्तकं पुन्हा पुन्हा काढून वाचते. त्याचं कारण खुनात नसून डेझीच्या परिस्थितीत आहे, आणि ते पहिल्या वाचनात सहज निसटतं.

मालिकेत एकूण २३ पुस्तकं. पहिलं 'डेथ ॲट वेंटवॉटर कोर्ट' १९९४ सालचं, शेवटचं २०१८ सालचं. लेखिका जन्मानं इंग्लिश, पण लिहिलं सगळं अमेरिकेत राहून. त्याआधी त्या रिजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या, प्रेमकथा लिहायच्या, आणि तो हात इथेही लपत नाही. कथा सुरू होते जानेवारी १९२३ मध्ये, हॅम्पशायरमधल्या एका अर्लच्या (बड्या सरदाराच्या) वाड्यावर. 'टाउन अँड कंट्री' मासिकासाठी वाड्यावर लेख लिहायला डेझी तिथे पोचते. सकाळी गोठलेल्या तळ्यात लॉर्ड स्टीफन ॲस्टविक नावाच्या एका पाहुण्याचं प्रेत सापडतं. स्केटिंग करताना बर्फ फुटून बुडाला असेल, असं सगळ्यांना वाटतं. पण भगदाडाच्या कडेला कुऱ्हाडीचे घाव दिसतात, आणि मग स्कॉटलंड यार्डचा चीफ इन्स्पेक्टर ॲलेक फ्लेचर येतो.

आता डेझी कोण ते बघा. तिच्या नावामागे 'ऑनरेबल' लागतं, कारण ती व्हायकाउंटची, म्हणजे अर्लच्या एक पायरी खालच्या सरदाराची मुलगी. भाऊ जर्व्हेझ पहिल्या महायुद्धात गेला. वडील युद्धानंतरच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. आता घरात मुलगा नाही म्हटल्यावर किताब, फेअरेकर्स नावाचा वाडा आणि जमीनजुमला सगळं एडगर नावाच्या दूरच्या चुलतभावाकडे गेलं. आई त्याच आवारातल्या विधवांसाठीच्या घरात राहते आणि दिवसभर कुरकुरत असते. डेझी लंडनला चेल्सीमध्ये ल्युसी नावाच्या फोटोग्राफर मैत्रिणीबरोबर बिऱ्हाड करून लेख लिहून पोट भरते. म्हणजे ज्या वाड्यांवर ती लेख लिहायला जाते तसल्याच एका वाड्यात ती वाढली आणि तिथून कायद्यानं बाहेर पडली. जेवणाच्या टेबलावर ती घरच्यांच्या बरोबरीनं बसते, पण आलेली असते मानधनासाठी.

हे एकदा ध्यानात आलं की खुनाचा तपास तिच्यामुळे का पुढे सरकतो ते पटतं. ॲलेक मध्यमवर्गीय, शिकलेला, युद्धात विमान चालवलेला हुशार माणूस. पण अर्लच्या दिवाणखान्यात तो शेवटी 'पोलीस'च. घरमालक त्याला तुटक उत्तरं देतात आणि नोकरमाणसं त्याला बघून ओठ शिवून घेतात. डेझीपुढे दोन्हीकडची माणसं बोलती होतात. पहिल्याच पुस्तकात ती त्याच्यासाठी जबान्या टिपायला बसते. तिचं शॉर्टहँड इतकं तिचं स्वतःचं की दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही, त्यामुळे पुढे सगळं तिनंच वाचून दाखवावं लागतं आणि तिला खोलीबाहेर घालवायची ॲलेकची सोय राहत नाही. ही माझ्या फार आवडीची युक्ती आहे.

काही वाचकांना हीच डेझी आगाऊ वाटते. ती पोलिसांपासून गोष्टी दडवते, संशयितांपैकी एखाद्याला पंखाखाली घेते आणि 'तो असं करूच शकत नाही' म्हणून अडून बसते. ॲलेकचीही हीच तक्रार असते. मला यात काही खटकत नाही. ज्यांना ती पाठीशी घालते ती माणसं बहुधा त्या घरात तिच्यासारखीच अधांतरी असतात: अर्लची तरुण दुसरी बायको, पगारी सेक्रेटरी, माळी. दुसरं पुस्तक 'द विंटर गार्डन मिस्टरी' बघा. चेशायरमधल्या एका हॉलवरची मोलकरीण फिरत्या विक्रेत्याबरोबर पळून गेली, असं सगळं गाव धरून चाललेलं असतं. मग बागेतल्या वाफ्यात तिचं प्रेत निघतं. स्थानिक पोलीस हातासरशी वेल्श माळ्याला धरतात, परका आणि गरीब म्हणून. डेझी ॲलेकला बोलावून घेते ती तेवढ्यासाठी. त्या मुलीला दोन महिने कुणी शोधलंसुद्धा नाही, ही गोष्ट पुस्तक आरडाओरडा न करता सांगतं. 'गोड गोड, पोकळ' असा शेरा मारणाऱ्यांनी हे पुस्तक नीट वाचलेलं नसावं.

वारसाहक्काच्या या भानगडीवर जरा रेंगाळते, कारण मराठी वाचकाला ती ओळखीची वाटेल. पोटी मुलगा नसला तर आपल्याकडे दत्तक घ्यायची सोय होती. इंग्लंडमध्ये दत्तकाला कायद्यानं मान्यता मिळाली ती थेट १९२६ साली, आणि त्यानंतरही दत्तक मुलाला किताब मिळत नसे. अशा बहुतेक किताबांसाठी रक्ताचा, औरस पुरुष वारस लागतो. साताऱ्याच्या छत्रपतींचं दत्तकविधान नामंजूर करून १८४८ मध्ये राज्य खालसा करणारा डलहौसी आठवा. त्याला स्वतःला दोन मुलीच होत्या. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याची मार्क्विसची (अर्लहून वरची) पदवी त्याच्याबरोबरच संपली आणि घराण्याची जुनी अर्लची पदवी एका चुलतभावाकडे गेली. डॅलरिंपलांच्या घरात घडलं ते हेच. (मालिकेत डलहौसीचं नाव कुठेही नाही, ही जोड माझी.)

लेखिकेला हे कोडं खुनाच्या कोड्यापेक्षा जास्त जिव्हाळ्याचं आहे, असा माझा संशय आहे. एकविसावं पुस्तक 'हेअर्स ऑफ द बॉडी' सगळं त्यावरच आहे. एडगर पन्नाशीला आला, त्यालाही मूल नाही. वकील साम्राज्यभर जाहिरात देतो आणि चार दावेदार उभे राहतात: स्कारबरोचा हॉटेलवाला, दक्षिण आफ्रिकेतला हिऱ्यांचा व्यापारी, त्रिनिदादचा मिश्रवंशी मुलगा आणि जमैकाचा एक खलाशी. जो वाडा डेझीला मुलगी म्हणून मिळाला नाही त्याचा वारस शोधायला, त्यांच्या मुलाखतींना घरातर्फे बसते ती डेझीच. अकराव्या 'मिसलटो अँड मर्डर'मध्ये नाताळात सगळे कॉर्नवॉलच्या जुन्या वाड्यावर अडकतात. तिथे राहणाऱ्या गरीब नातेवाइकांची आजी हिंदुस्थानी आहे. तिचं हिंदुस्थानात लागलेलं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं, यावर तिच्या मुलाबाळांचं सगळं अवलंबून. लग्न लावणारा मिशनरी साक्षीला येतो आणि नाताळच्या सकाळी चॅपेलमध्ये त्याचाच मुडदा पडतो. हे पुस्तक कुणाला संथ वाटतं. मला मालिकेतल्या सर्वांत चांगल्या तिघांतलं वाटतं. त्या आजीचं आपल्याच घरात बिचकून वावरणं लेखिकेनं कुठेही दया न दाखवता रंगवलंय.

बाकीच्या तक्रारी झटपट. योगायोग फार, ही तक्रार बिनतोड आहे. २३ पुस्तकं म्हणजे कथेतली जेमतेम पाच-साडेपाच वर्षं, १९२३ ते १९२८. एवढ्यात एका बाईला इतकी प्रेतं सापडत नाहीत. लेखिकेलाही ते कळतं, म्हणून ॲलेकचा साहेब सुपरिंटेंडेंट क्रेन डेझीचं नाव ऐकलं की कपाळाला हात लावतो. पहिल्या चार वेळा हसू येतं. पुढे येत नाही. ॲलेकच्या हाताखालच्या कॉन्स्टेबल पायपरच्या टोक काढून तयार पेन्सिली आणि सार्जंट ट्रिंगचे भडक चौकडीचे सूट यांचंही तेच होतं. सलग वाचणाऱ्यांचे अभिप्राय हळूहळू कडवट होत जातात त्याचं हे एक कारण. दोन पुस्तकांमध्ये दुसरं काहीतरी वाचा.

भाषेबद्दलही दोन तट आहेत. विशीतल्या श्रीमंत पोरांची त्या काळची बोली लेखिका मुक्तहस्तानं पेरते, आणि उत्तरेकडच्या किंवा कॉर्नवॉलच्या माणसांचे उच्चार जसेच्या तसे लिहिते. आपल्याला तिथे अडखळायला होतं. अशा ठिकाणी मी वाक्य मोठ्यानं वाचते, मग कळतं.

डेझीचे विचार त्या काळाच्या मानानं फार पुढारलेले आहेत, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. नोकरी करणारी, पोलिसाशी लग्न करणारी सरदारकन्या १९२३ मध्ये अशक्य नव्हती. ॲलेकच्या आधीचा तिचा वाग्दत्त वर मायकेल क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातला होता. त्यानं बंदूक धरायला नकार दिला, रुग्णवाहिका चालवली आणि तिकडेच मेला. युद्ध नाकारणारे म्हणजे भेकड, असं तेव्हा लोक सरसकट म्हणत, म्हणून डेझीला त्याचं दुःखही चारचौघांत करता येत नाही. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका सतरा लाखांहून जास्त होत्या. 'सुपरफ्लुअस विमेन' (जास्तीच्या बायका) या बाविसाव्या पुस्तकात अशाच तीन अविवाहित मैत्रिणी मिळून घर घेतात. रविवारच्या जेवणाला आलेला ॲलेक त्यांच्या कुलूपबंद तळघराचं दार उघडून देतो आणि आत प्रेत. अशा काळात ज्या बाईला कुणी वाली नाही तिचे विचार आईपेक्षा वेगळे असणारच. मात्र तिचं नोकरांशी कायम समजुतीनं वागणं, कधीच तोल न सुटणं, हे मलाही जरा धुतल्या तांदळासारखं वाटतं.

आणि पहिल्या पुस्तकाचा शेवट. वाचक खरे भडकतात ते इथे. फोडत नाही, पण गुन्हेगार कळल्यावर डेझी जे करते ते कायद्यात बसत नाही, आणि ॲलेकही त्याकडे काणाडोळा करतो. 'पोलीस अधिकारी असं वागेल का?' म्हणून कित्येकांनी मालिका तिथेच सोडली. मला तो शेवट कच्चा वाटतो. चुकीचा म्हणून नव्हे. बड्या घरातला माणूस होता म्हणून हे निभावलं, तिथे माळी असता तर थेट फासावर गेला असता, हा प्रश्न पुस्तक विचारतच नाही. पुढच्याच पुस्तकात माळी पकडला जातो तेव्हा तो प्रश्न आपोआप उभा राहतो, पण त्यासाठी दुसरं पुस्तक हातात घ्यावं लागतं.

म्हणून माझं ऐकाल तर सुरुवात 'द विंटर गार्डन मिस्टरी'नं करा. मागचं काही अडत नाही. आवडलं तर मग पहिलं वाचा आणि शेवटावर काय ते भांडा. जहाज, न्यूयॉर्क, आगगाडी असली बाहेरची पुस्तकं सोडलीत तरी चालेल. तुम्हाला हवेल्या हव्या आहेत, तर 'मिसलटो अँड मर्डर', 'अ मोर्निंग वेडिंग' आणि 'गनपावडर प्लॉट' घ्या. 'अ मोर्निंग वेडिंग'मध्ये ल्युसीच्या लग्नाला जमलेल्या गोतावळ्यात, आयुष्यभर नातेवाइकांची लफडी टिपून फायली करून ठेवणारी नात्यातली एक म्हातारी गळा दाबून मारली जाते. संशयित म्हणजे अख्खं वऱ्हाड. 'हेअर्स ऑफ द बॉडी' मात्र शेवटी ठेवा, डेझीच्या घरचं सगळं माहीत असल्याशिवाय त्यात मजा नाही.