भाजक, विभाजक आणि २३,२७,९२,५६०

वणी तालुक्यातल्या एका पालकांनी विचारलंय : "पोरीच्या गणितात कुठी 'भाजक' येते, कुठी 'विभाजक'. दोन्ही एकच का? अन् सर 'निःशेष भाग जाते' म्हन्तात, ते काय?"

एकच नाहीत. ज्या संख्येनं भागायला घेतलं ती भाजक, मग बाकी काहीही उरो. बाकी शून्य आली तरच ती विभाजक. निःशेष म्हणजे शेष न उरता. शेष म्हणजे बाकी. कृषी केंद्राच्या वहीत 'मागची बाकी' असते तोच शब्द. जिला भागायचं ती भाज्य, आणि जिला निःशेष भाग जातो ती विभाज्य. 'वि' या उपसर्गातच हा फरक आहे असं मात्र समजू नका. तो गणितातल्या वापरानं ठरलाय.

शीर्षकातली संख्या १ ते २० या सगळ्यांचा लसावि आहे, म्हणजे या सगळ्यांनी जिला निःशेष भाग जातो अशी सर्वांत लहान संख्या. मूळ अवयव (१ आणि ती स्वतः याशिवाय जिला विभाजक नाही अशा संख्या) पाडले तर २ चार वेळा, ३ दोन वेळा आणि ५, ७, ११, १३, १७, १९ एकेकदा येतात. प्रत्येकाच्या घातांकात, म्हणजे तो जितक्या वेळा आला त्या आकड्यात, १ मिळवून गुणाकार केला की विभाजक किती ते कळतं : ५ × ३ × २ × २ × २ × २ × २ × २, म्हणजे ९६०. २१ आणि २२ हेही त्यात आपसूक येतात, कारण ३ × ७ आणि २ × ११ आधीच आत आहेत. २३ मात्र नाही. भागाकार १,०१,२१,४१५ येतो आणि १५ उरतात. तिथं २३ नुसता भाजक.

पोरं अडकतात ती ७, ११ आणि १३ नं भाग जातो का, हे न भागता ओळखायच्या कसोटीत. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीनं वजा-अधिक करायचे : ५६० − ७९२ + २३२ = ०. उत्तराला भाग गेला तर संख्येलाही जातो. ० ला तिन्हींनी जातो, म्हणून हिलाही. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून हे जमतं. पण आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात. त्यांनाच गट समजलं तर ५६० − ९२ + २७ − २३ = ४७२ येतं आणि तिन्ही उत्तरं चुकतात. आधी स्वल्पविराम खोडा, मग गट पाडा.

१२ ची कसोटी २ आणि ६ नं घेऊ नका. १८ ला दोन्हींनी भाग जातो, १२ नं जात नाही. ३ आणि ४ घ्या, त्या सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नाही.

आणखी एक घोळ विदर्भात जास्त, कारण इथं पोरं हिंदी व्हिडिओ पाहून गणित शिकतात. हिंदीत 'अभाज्य' म्हणजे आपली मूळ संख्या आणि 'भाज्य संख्या' म्हणजे आपली संयुक्त संख्या, म्हणजे १ हून मोठी पण मूळ नसलेली. मराठी भागाकारात भाज्य म्हणून १३ सुद्धा चालतो. हिंदीतल्या अर्थानं १३ भाज्य नाही. वहीत 'भाज्य' दिसला की तो कुठल्या भाषेतून आलाय ते पोरीला आधी विचारा.