अप्लाय केलं आणि मॅट्रिक्सच आडवं झालं

प्रश्न: आर या प्रोग्रामिंग भाषेमधे माझं ५ रो, ३ कॉलमचं मॅट्रिक्स आहे, अप्लाय फंक्शनला मार्जिन १ (म्हणजे रोवार) देऊन प्रत्येक रो सॉर्ट केली तर उत्तर ३ बाय ५ आलं, काय चुकलं?

उत्तर: तुमचं काहीच चुकलं नाही हो, अप्लाय एकेक रो उचलतं, फंक्शनला देतं आणि आलेलं उत्तर कॉलम म्हणून शेजारी शेजारी लावत जातं, म्हणून ५ रोचे ५ कॉलम झाले. बाहेरून टी फंक्शन लावा, ट्रान्सपोज झालं, म्हणजे रोचे कॉलम आणि कॉलमच्या रो झाल्या, की काम झालं. मार्जिन २ ला, म्हणजे कॉलमवार, हा घोळ दिसतच नाही.

खरा वैताग वेगळाच, मॅट्रिक्समधून एकच रो काढली की आर गुपचूप तिचा व्हेक्टर, म्हणजे रो-कॉलम नसलेली साधी यादी, करतं आणि मग अप्लाय एरर देतं, डायमेन्शनच नाही म्हणून! तिथे चौकोनी कंसात ड्रॉप इक्वल टू फॉल्स लिहा. मी तर आधी डिम, म्हणजे किती रो किती कॉलम ते, बघतो.