वजन/खर्च पण कमी हवा आणि मजबुती पण, मग जेनेटिक अल्गोरिदम एकच बेस्ट डिझाइन का देत नाही?

कारण असं एकच डिझाइन नसतंच, जेनेटिक अल्गोरिदम (चांगली डिझाइन्स ठेवून, त्यांच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या नवी बनवत जाणारी शोधपद्धत) उत्तरांची अख्खी रांग देतो आणि निवड तुमच्यावर सोडतो. वेल्डेड बीमचं नेहमीचं उदाहरण घ्या, टोकाला 6000 पाउंडचा लोड, वेल्डची जाडी-लांबी आणि बीमची उंची-रुंदी एवढे चार आकडे आपल्या हातात. खर्च कमी करायला गेलं की टोक जास्त वाकतं, वाकणं कमी करा तर स्टील वाढतं. दोन्हींना वेटेज देऊन बेरीज करता येते हो, पण दर वेळी एकच पॉइंट मिळतो, वर परेटो फ्रंट (म्हणजे एक बाब सुधारायची तर दुसरी बिघडतेच अशा डिझाइन्सची रेषा) कुठे आत वळलेला असेल तर तिथले पॉइंट कितीही वेटेज बदला, सापडतच नाहीत.

सरळ एनएसजीए-2 लावा, हा एकाहून जास्त उद्दिष्टांसाठीचा जेनेटिक अल्गोरिदमच आहे. आयआयटी कानपूरच्या कल्याणमय देब आणि टीमचा 2002 चा पेपर आहे. ज्यांना दुसरं कुठलंच डिझाइन सगळ्या बाबतींत मागे टाकत नाही ती पहिल्या रँकला, आणि एकाच रँकमध्ये निवडायची वेळ आली तर कमी गर्दीतलं टिकतं, म्हणून सगळी उत्तरं एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत.

खरी गोची वेळेची. 100 चं पॉप्युलेशन (एका पिढीतली डिझाइन्स), 200 जनरेशन (पिढ्या) म्हणजे 20,000 वेळा तपासणं आलं, बीमला फॉर्म्युला आहे म्हणून पटकन होतं, पण एकेक एफईए रन (कॉम्प्युटरवर भागाचे ताण-वाकणं काढणारं फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस) दहा मिनिटांचा असेल तर एका मशीनवर साडेचार महिने बसा! तिथे सरोगेट मॉडेल बनवा, म्हणजे थोड्या रनवरून शिकून बाकीच्यांचा झटपट अंदाज देणारं मॉडेल. ऑब्जेक्टिव्ह (खर्च, वाकणं अशी उद्दिष्टं) चार-पाच असतील तर एनएसजीए-3 बघा, पायथॉनच्या पायमू लायब्ररीत दोन्ही तयार मिळतात.