‘माझ्यामागं ह्याचं कसं?’

मी समुपदेशनाचं काम करते. गेल्या महिन्यात तीन दिवसांत चार वेळा हाच प्रश्न ऐकला. जुळे सोलापुरातले एक निवृत्त शिक्षक, अक्कलकोट रोडच्या एक आजी, एक जोडपं, आणि एक आई तर फोनवरच रडायला लागल्या. मुलगा किंवा मुलगी वयात आलेली. कुणाला बौद्धिक अक्षमता, कुणाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर ताबा नसणं, कुणाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. सांभाळणाऱ्यांचे केस पिकलेले. प्रत्येकाला वाटतं हा प्रश्न फक्त आपल्याच घरात आहे. म्हणून पद्मक्कांची गोष्ट लिहिते. त्यांना विचारूनच लिहितेय. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पद्मक्का बिड्या वळतात. शहराबाहेरच्या घरकुलात राहतात. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. नवरा वारला, थोरली मुलगी लग्न होऊन भिवंडीला. घरात त्या आणि 19 वर्षांचा व्यंकू. पहिल्या दिवशी बोलताना त्यांची बोटं थांबेनात. पदराचं टोक चिमटीत धरायचं, गुंडाळायचं, अंगठ्यानं दाबायचं, सोडून द्यायचं. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, बाई बिडी वळतायत. पान नाही, तंबाखू नाही, नुसती बोटं.

पहिल्या तीन भेटींत मी जे केलं ते चुकीचं नव्हतं, पण कामाचंही नव्हतं. विचार बदलला की भावना बदलते, या पठडीत मी वाढले आणि आजही ते मानते. तेव्हा काळजीचे तुकडे केले. काय आपल्या हातात, काय नाही, हे वेगळं काढलं. माहितीही दिली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 18 वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्यातल्या स्थानीय स्तर समितीकडे करायचा, समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंतची. पद्मक्कांनी सगळं ऐकून घेतलं, कागद घडी करून पिशवीत ठेवला. चौथ्या भेटीला आल्या आणि म्हणाल्या, “सगळं कळलं बघा मॅडम. पण माझ्यामागं ह्याचं कसं?”

“पुढच्या वेळी व्यंकूला घेऊन या,” मी म्हटलं.

“त्याला काय कळतंय?”

“मला कळेल की.”

व्यंकू आला. मी सवयीनं दार लोटून कडी लावली. तो उठला, कडी काढली, येऊन बसला. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज फार येतो म्हणून मी पुन्हा लावली. त्यानं पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी पद्मक्कांनी त्याच्या पाठीत हलकीशी चापट दिली.

“व्यंकू, दार उघडं पाहिजे का?” मी विचारलं.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “कुलूप नको.”

पद्मक्कांची बोटं थांबली. माझ्या खोलीत पहिल्यांदाच थांबली.

मी काही बोलले नाही. बावीस वर्षांत एवढी एक गोष्ट मला नीट जमायला लागली आहे, गप्प बसणं. बऱ्याच वेळानं त्यांनी सांगितलं. रोज दुपारी तीन ते पाच त्या वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात जातात. बिड्या तपासून घ्यायच्या, खराब काढलेल्यांवरून हुज्जत घालायची, दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घेऊन यायचं. तेवढा वेळ व्यंकू घरात आणि बाहेरून कुलूप. एकदा तो धावत जाऊन ट्रकपुढं उभा राहिला होता, तेव्हापासून. नऊ वर्षं झाली.

“कारखान्याच्या रांगेत उभी असते ना मॅडम, रोज एकच मनात येतं. आत्ता इथं पडले, मेले, तर दार कोण उघडणार? किल्ली माझ्या कमरेला.”

त्या रात्री मला झोप आली नाही. इतके दिवस मी वीस वर्षांनंतरच्या भीतीला उत्तरं देत होते. कायदेशीर पालक नेमा, विमा काढा, भावंडांशी बोला. बाईंची भीती मात्र रोज दुपारी तीनला सुरू होत होती. आता असा प्रश्न घेऊन कुणी आलं की आधी दिवसाचं वेळापत्रक विचारते. कोणते तास तुम्हाला नकोसे वाटतात? त्या वेळी घरात कोण असतं? दोन दिवस तापानं झोपलात तर दार कुणाच्या हाताला उघडतं? आणि मुलाला विचारलंत का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक आईबाप हसतात. हसू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पनाच अशी आहे की निर्णय पालक आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांनी मिळून घ्यायचा आणि त्यात त्या व्यक्तीची इच्छा धरायची. व्यंकूनं त्याची इच्छा दोन शब्दांत सांगितली होती. ऐकायला आम्ही दोघी उशिरा पोचलो.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. त्याच घरकुलातल्या आणखी चार आया माझ्याकडं यायच्या, वेगवेगळ्या वारी. गोपनीयता पाळायची म्हणून मी एकीची चाहूल दुसरीला लागू दिली नाही. म्हणजे एकच प्रश्न मी पाच खुर्च्यांवर अलग अलग बसवून ठेवला होता, आणि ते चोख काम समजत होते. प्रत्येकीची परवानगी घेतली आणि एका रविवारी पद्मक्कांच्या घरी जमलो. चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी. पहिला अर्धा तास पोरांच्या आजारपणात गेला. मग एक म्हणाली, “मी पण कुलूप घालते.” दुसरी म्हणाली, “मी खाटेला बांधते, काय सांगू.” पुढं रडारड झाली, ती सांगत नाही.

पाळ्या त्यांनीच लावल्या. रोज दोघी सगळ्यांच्या बिड्या घेऊन कारखान्यात जायच्या, तिघी पोरांपाशी थांबायच्या. त्या जानेवारीत पद्मक्का अकरा वर्षांनी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला गेल्या, होम मैदानावर, व्यंकूला घेऊन. मला तिथून बत्तासे आणले.

मग हळूहळू मागण्या निघाल्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे मी सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं ते कुठं गेले?” मला तो प्रश्न फार आवडला. पहिल्या अर्जात ‘दया करून’ लिहिलं होतं. माझ्या खोलीत चौघींनी मिळून ते खोडलं. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, एकटीनं जायचं नाही, हे मात्र मी हट्टानं शिकवलं. तक्रार असेल तर 2016 च्या कायद्यानुसार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं दाद मागता येते. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात एका कार्यालयानं आम्हाला सहा हेलपाटे घालायला लावले, कारण अपंगांची कामं बघणारा माणूस वरच्या मजल्यावर आणि जिना अरुंद. सहाव्या वेळी पाचही जणी पोरांसकट जिन्यातच बसल्या. टेबल खाली आलं.

रॅम्पची गंमत वेगळीच. मंजूर झाला, ओतला, आणि चाकाची खुर्ची वर चढेना. मी सांगितलं होतं की एक हात उंचीला बारा हात लांबी लागते. पद्मक्कांनी पिशवीतून बिडीच्या धाग्याचं रीळ काढलं. पायरीच्या उंचीएवढा धागा तोडला आणि वाकून जमिनीवर एकापुढं एक मोजत गेल्या. पाचव्यालाच रॅम्प संपला. कंत्राटदार म्हणाला, “बाई, हे काय मोजमाप असतंय का?” त्यावर व्यंकू हसला, का ते आम्हाला कळलं नाही. रॅम्प फोडून पुन्हा झाला. वसाहतीतच दुपारचं संगोपन केंद्र हवं, ही मागणी अजून अडकलेली आहे. व्यंकूच्या पालकत्वाचा अर्ज केला आहे. त्यात थोरल्या मुलीचं नाव तिच्याशी बोलूनच घातलं. बहीण आहे म्हणजे करेलच, असं कुणी गृहीत धरू नये.

पद्मक्का आता स्वतःसाठी येत नाहीत. परवा एका तरुण आईला घेऊन आल्या. मुलगी सात वर्षांची, स्वमग्न. बसल्या बसल्या ती म्हणाली, “मॅडम, आमच्यामागं हिचं कसं व्हायचं?”

मी तोंड उघडायच्या आत पद्मक्का तिच्याकडं वळल्या. “तू कुलूप घालतीस का गं?”